नऊ मिलिमीटरवरची छोटी लाईन

भंडारा जिल्ह्याने तिन्ही रुंदीचे रूळ पाहिले आहेत. 1880 नंतर नागपूर–छत्तीसगड रेल्वे इथून राजनांदगावकडे गेली, ती मीटरगेज होती. 1887मध्ये स्थापन झालेल्या बंगाल–नागपूर रेल्वेने ती घेऊन ब्रॉडगेज केली. मग विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच कंपनीने गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत दोन फूट सहा इंचांची, म्हणजे 762 मिलिमीटरची नॅरोगेज टाकली. 1 मे 1999 पर्यंत गोंदिया आमच्याच जिल्ह्यात होते. दक्षिणेकडे नागपूर–नागभीड मार्गावर पवनी रोड हे स्टेशन होते. आमच्याकडे सगळे या गाडीला ‘छोटी लाईन’च म्हणत.

प्रतिकृती करायला बसलो की या रुंदींचा हिशेब हातात येतो. जगात सर्वाधिक चालणारे प्रमाण एचओ, म्हणजे 1:87. त्याचा रूळ 16.5 मिलिमीटरचा, युरोप-अमेरिकेच्या 1435 मिलिमीटर गेजला बेतलेला. आपले ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर. ते या प्रमाणात 19 मिलिमीटरहून थोडे जास्त भरते आणि तसा रूळ दुकानात मिळत नाही. छोटी लाईन मात्र पावणेनऊ मिलिमीटर होते, आणि ‘एन’ गेजचा तयार रूळ नऊ मिलिमीटरचा आहे! ज्या गाडीला सगळे दुय्यम मानत, तीच बाजारच्या रुळावर नीट बसते.

असे ठरीव माप आले कुठून? जर्मनीच्या मेर्क्लिन कंपनीने 1891मध्ये लाइपझिगच्या जत्रेत खेळण्यातल्या रुळांची ठरावीक मापे मांडली. तरी पुढे एकाचा डबा दुसऱ्याच्या रुळावर चालेलच याची खात्री नव्हती. 1935मध्ये अमेरिकेत मिलवॉकीला छांदिष्ट जमले आणि त्यांनी नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन स्थापन केली. चाकांची, रुळांची मापे ठरवणे हे तिचे मोठे काम. आजही तिथली संमेलने भरतात, लोक आपापले तुकडे आणून जोडतात, आणि गाडी परक्याच्या गावातून धावते. माझ्या मते संमेलनाचा खरा अर्थ हा, बक्षिसे नंतरची.

आपल्याकडे एकरूपता वेगळ्या वाटेने आली. 1992मध्ये युनिगेज योजना सुरू झाली आणि नॅरोगेज मार्ग एकेक करून ब्रॉडगेज होऊ लागले. नैनपूर–जबलपूर नॅरोगेज 2015मध्ये थांबली, नागपूर–नागभीड 2019मध्ये. नव्या गाड्या वेगवान आहेत, गावांना त्या हव्याच होत्या. जुन्या गाडीसाठी गळा काढणारे बहुधा तिने रोज प्रवास करणारे नसत. पण रूळ उखडल्यावर त्या जागी नेमके काय होते ते सांगायला कागद कमी आणि माणसे म्हातारी.

महाराष्ट्रात या छंदाचे मोठे घर पुण्यात आहे. कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय 1 एप्रिल 1998 रोजी खुले झाले. सिग्नल, फाटके, पूल, सगळे हलते-चालते. तिथे मुलांपेक्षा आजोबाच अधिक वेळ रेंगाळतात. नागपुरात मोतीबागेत 2002पासून नॅरोगेज संग्रहालय आहे. तिथे खरी इंजिने हाताला लागतात. आमच्या भागातली माणसे आधी तिथेच जावीत.

माझ्याकडे दोनच फळ्या आहेत, एसटीत मावतील एवढ्या. छोट्या लाईनचे एक स्टेशन, एक बगलेची रूळवाट, पाण्याची टाकी. गणपतीत, शाळांच्या प्रदर्शनांत घेऊन जातो. मुले बटण दाबतात. मोठी माणसे आधी लांबून पाहतात, मग एखादा निवृत्त गँगमन पुढे सरकतो आणि बोलू लागतो. एका म्हाताऱ्याने मला बोटाने दाखवले : “इथं लिंबाचं झाड होतं जी. गाडी येईपर्यंत बाया तिथंच बसत, डोक्यावरचं ओझं न उतरवता.” तासभर प्रश्न विचारले असते तरी हे उत्तर मिळाले नसते, कारण ‘झाड होते का’ हा प्रश्न मला सुचलाच नसता. फळीवर रिकामी जागा दिसली, म्हणून त्यांना ते आठवले.

आता फळीच्या खालच्या बाजूला कागद चिकटवलेला असतो. कोणी काय सांगितले, कोणत्या गावात, कोणत्या तारखेला. लिंब लावून झाला आहे. बायांच्या डोक्यावरच्या ओझ्यात काय असे, हे विचारायला पुढच्या फेरीत पवनीला जायचे आहे.