पावसाच्या आडून येणारी हाक



वैशाख सरत आला की आमच्या बेळगावात वळीव येतो, तो बहुधा पूर्वेच्या अंगाने. भिंतीवरील दूरचित्रवाणीची तबकडीही आग्नेयेकडे मान उंचावून उभी असते. त्यामुळे पुष्कळदा कौलांवर पहिला थेंब वाजण्यापूर्वीच पडद्यावरील चित्राच्या चिंध्या होतात. "सर, पाऊस तर अजून आलाच नाही, मग चित्र कसे गेले?" असे माझ्या वर्गातील एका मुलाने विचारले होते. ढग आपल्या डोक्यावर नसला तरी उपग्रहाच्या वाटेवर आलेला असतो, हे उत्तर सोपे आहे. परंतु त्या ढगाने नेमके किती हिरावून नेले, हे मोजण्याची विद्या सहजासहजी हाती आलेली नाही.

तिची मुळे उपग्रहांच्याही आधीची आहेत. १९०८ साली जर्मन पदार्थविज्ञानवेत्ते गुस्ताव मी यांनी सूक्ष्म गोल कणांवर प्रकाश पडला असता तो कसा विखुरतो, याचे गणित मांडले. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या लहरी काही सेंटिमीटरांइतक्या आखूड झाल्या, तेव्हा इंग्लंडमधील राइड यांनी तेच गणित पावसाच्या थेंबांना लावले. पण थेंब केवढाले असतात? हे सांगितले ते रेडिओवाल्यांनी नव्हे, तर जमिनीची धूप अभ्यासणाऱ्यांनी! अमेरिकेतील लॉज आणि पार्सन्स यांनी पिठाने भरलेल्या ताटांत पाऊस झेलला, तयार झालेल्या गोळ्या वाळवून चाळल्या आणि १९४३ मध्ये थेंबांच्या आकारांचे कोष्टक प्रसिद्ध केले. रेडिओ अभियंते त्या कोष्टकावर कित्येक वर्षे विसंबून होते.

१० जुलै १९६२ रोजी टेलस्टार अवकाशात गेला. त्याची हाक ऐकण्यासाठी अमेरिकेच्या मेन राज्यात अँडोव्हर येथे १७७ फूट लांबीचा कर्णा उभारलेला होता, आणि बर्फवाऱ्यापासून रक्षण व्हावे म्हणून त्यावर हवेने फुगविलेला २१० फूट व्यासाचा घुमट घातला होता. टेलस्टारची खाली येणारी लहर सुमारे सात सेंटिमीटर लांब. साध्या पावसाने तिचे फारसे बिघडू नये. तरीही पाऊस पडला की ग्रहणात खरखर वाढे. तपासाअंती मुख्य दोष आकाशातील थेंबांचा नव्हे, तर घुमटावर पसरणाऱ्या पाण्याच्या पातळ थराचा ठरला. रक्षणासाठी धरलेली छत्रीच कानांवर हात ठेवीत होती!

खरखर का वाढते? जी वस्तू लहर शोषते, ती स्वतःच्या उष्णतेने लहरी बाहेरही टाकते. निरभ्र आकाश रेडिओच्या दृष्टीने अतिशय थंड असते. पावसाळी ढग मात्र मंद उजळलेला दिसतो. तो किती उजळला, यावरून उपग्रह नसतानाही क्षय किती झाला हे काढता येऊ लागले. अर्थात हा उपाय अर्धाच. मुसळधारेतही ढग आपल्या तापमानापलीकडे उजळू शकत नाही, आणि मोजमाप तेथेच थबकते. तेव्हा बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट विल्सन यांनी (१९७८ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे तेच हे) न्यू जर्सीत सूर्यालाच दिवा मानले. त्यांचे यंत्र दिवसभर सूर्यामागे फिरे आणि १६ व ३० गिगाहर्ट्झवर तो पावसाआड किती मंदावला, हे टिपून ठेवी. त्यांचा वृत्तान्त १९६९ चा. रात्री मात्र यंत्राला रजा!

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नासाने एटीएस-५ सोडला. त्यावर १५.३ गिगाहर्ट्झचा प्रक्षेपक होता. पण उपग्रह काही स्थिरावला नाही. मिनिटाला सत्तरहून अधिक गिरक्या घेत राहिला. दीपगृहाच्या झोताप्रमाणे त्याची लहर प्रत्येक गिरकीत क्षणभर पृथ्वीवर येई. शास्त्रज्ञांनी कपाळाला हात न लावता त्या तुटक झोतांतूनच पावसाची मापने घेतली. मला या साऱ्या इतिहासात हाच प्रसंग अधिक आवडतो.

१९७४ चा एटीएस-६ हा २० व ३० गिगाहर्ट्झचे प्रयोग करून पुढे भारताच्या बाजूस सरकला, आणि १९७५-७६ मध्ये त्याने आपल्या सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांना दूरचित्रवाणी दाखविली. त्या कामासाठी सुमारे ३५ सेंटिमीटरांची लहर वापरली होती. तिला पाऊस जवळजवळ जाणवत नाही. घरोघरच्या आजच्या तबकड्यांची लहर अडीच सेंटिमीटरांच्या आसपासची आहे.

अभियंते वर्षातील ०.०१ टक्का काळ हिशेबाला धरतात. म्हणजे सर्वांत जोरदार पावसाची सुमारे ५३ मिनिटे. कागदावर ती क्षुल्लक वाटतात. पण ती वर्षभर विखरून येत नाहीत. वादळातच येतात, आणि किनाऱ्यावरील माणसाला संदेशाची निकड असते तीही तेव्हाच. शिवाय थंड देशांतील मापने कोकणच्या पावसाला लावून भागत नाही. म्हणून ५ जानेवारी २०१४ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या जीसॅट-१४ वर २०.२ व ३०.५ गिगाहर्ट्झचे दोन दीप मुद्दाम बसविले होते. निरभ्र दिवशी त्यांचे तेज किती आणि पावसात किती, हे जमिनीवरील केंद्रांनी नोंदवावयाचे होते. मुसळधारेचा गाभा बहुधा काही किलोमीटर रुंदीचाच असतो. त्यामुळे दहा-वीस किलोमीटरांवर दुसरे केंद्र ठेवले, तर एक भिजत असता दुसरे बोलू शकते.