खाली नाव कोणाचं?

जासईच्या नाक्यावर उभे आहात ना? जरा डोळे मिटा. न्हावा-शेव्याकडे निघालेल्या ट्रेलरची घरघर ऐका, ती हळूहळू विरत जाईल. पायाखालचं डांबर मऊ लागतंय? तो चिखल आहे. आता उघडा डोळे. उड्डाणपूल गायब! समोर भाताची खाचरं, पलीकडे खाजण आणि उन्हात डोळे दिपवणारे मिठाचे ढीग. ओठांवरून जीभ फिरवून बघा, वारासुद्धा खारट आहे.

बांधावरून बायका झपाझप चालल्यात. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर भरलेली पाटी, आणि तेवढ्या ओझ्याखालीही गप्पा चालूच. तुमची आत्ताच दमछाक झालीय, पण थांबू नका, मोरा बंदरातून मुंबईला जाणारी बोट गाठायचीय. बोटीत सुकटीचा, घामाचा, धुराचा वास एकमेकांत मिसळलाय. "सर गो बाय, बसू दे त्यांना!" कोणीतरी ओरडतं आणि दोन पाट्यांच्या मधे तुम्हाला वीतभर जागा मिळते.

मुंबई. ट्रामची घंटा, घोड्यांच्या लिदीचा वास, धक्काबुक्की. त्यातून वाट काढत जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात शिरा. झाडाखाली साडी नेसलेली एक पारशी मुलगी मान खाली घालून उभी आहे. लाजून नव्हे! तिच्या पोटाशी रोलिफ्लेक्स कॅमेरा आहे आणि त्यात वरूनच बघावं लागतं. ही होमाई. नाटक कंपनीबरोबर फिरणाऱ्या नटाची, नवसारीत जन्मलेली लेक. पुढे तिला होमाई व्यारावाला, देशातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार, म्हणून ओळखतील. आज तिच्यासमोर आहे तिची वर्गमैत्रीण रेहाना मोगल.

वाका, तुम्हीही बघा. तळहाताएवढ्या दुधी काचेवर रेहाना उलटी दिसते, डावीकडची उजवीकडे. ती उजवीकडे सरकली की काचेत डावीकडे जाते. तुमचा गोंधळ होतो, होमाईचा होत नाही. एका फिल्मवर जेमतेम बारा फोटो, म्हणून ती थांबते. रेहाना पोझ विसरून स्वतःच्याच विचारात हरवेपर्यंत थांबते. मग टिक्. एवढाच आवाज. मला होमाईचं सगळ्यात जास्त आवडतं ते हे थांबणं. तिच्या फोटोतल्या पोरी कुणाला दाखवायला बसलेल्या वाटत नाहीत.

आता अंधाऱ्या खोलीत चला. लाल दिवा, कोंडलेली हवा, नाकात झोंबणारा आंबूस वास. ट्रेमधल्या द्रावणात कोरा कागद हलतोय. आधी केस उमटतात, मग भुवया, मग अख्खा चेहरा पाण्याखालून वर यावा तसा येतो. तुमचा श्वास अडकतो. कागद हायपोत बुडतो, धुतला जातो, दोरीवर लटकतो. पायावर थेंब पडतात, गारेगार.

बॉम्बे क्रॉनिकलने महिला क्लबच्या सहलीचे तिचे फोटो छापले, तेव्हा एका फोटोला रुपया मिळाला. पण इलस्ट्रेटेड वीकलीचा हा अंक उघडा. फोटो होमाईचा, खाली नाव माणेकशॉ व्यारावालांचं. तिला कॅमेरा शिकवणारे, पुढे तिचे पती झालेले माणेकशॉ. अनोळखी बाईचं नाव कोण छापणार, असा तो काळ. तुम्ही त्या छापील नावावर बोट ठेवता. शाई अजून ओली आहे, बोटाला लागते.

परतीच्या बोटीत सकाळचीच बाई भेटते. पाटी रिकामी, पाय पसरलेले. तुम्ही खिशातून मोबाइल काढता. हे काय, म्हणून ती विचारते, तुम्ही दाखवता. ती हसत नाही. पदर सारखा करते, चुंबळ मांडीवर नीट ठेवते आणि थेट तुमच्याकडे बघते. टिक्.

"खाली नाव काय लिहू?"

ती सांगते. भोंग्यात ऐकू येत नाही. मग तुमच्या कानाशी येऊन पुन्हा सांगते, जोरात.