पायताणाच्या मागावर

साल 1915 च्या आसपासचं. करवीर संस्थानात शाहू महाराजांचं राज्य आहे आणि तुम्ही गावकुसाबाहेर उभे आहात. आधी वास येतो: भिजलेलं कातडं, चुना, बाभळीची साल. नाकाला रुमाल लावायला हात उचलता, तोच म्हातारा कारागीर म्हणतो, "पावणं, वाईच सरका." तुम्ही सरकता. रुमाल खिशातच राहतो.

चुन्याच्या पाण्यातून निघालेल्या म्हशीच्या कातड्यावरचे केस गेलेत, आतलं मांस खरवडून झालंय. आता त्याची पिशवी शिवून टांगली आहे. आत बाभळीची साल, हिरडा आणि पाणी. थेंबथेंब गळणारं पाणी खाली जमतं, ते पुन्हा वर ओततात. तो तुरट रस कातड्याच्या धाग्याधाग्यात भिनतो, म्हणून ते कुजत नाही. याला आठवडे लागतात. घाई केली तर गाभा कच्चा राहतो.

ढोर समाजाच्या हातून कमावलेलं हे कातडं चर्मकाराच्या घरी जातं. तुम्हीही मागोमाग जा. दारात बसलेला माणूस रापीनं पायाच्या मापाचा तळ कापतो, भिजवतो, दगडावर ठोकून घट्ट करतो. दोन्ही बाजूंना कान, वरून पट्टा, पुढे अंगठा. आरीनं भोक पाडायचं आणि कातड्याच्याच वादीनं शिवायचं. खिळा कुठेच नाही. आतल्या सोप्यात त्याची बायको चामड्याच्या बारीक पट्ट्यांची वेणी घालते आहे. तिची बोटं इतकी सरावलेली, की ती तुमच्याशी बोलताना खाली बघतही नाही. एका चपलेवर सगळं घर राबतं.

आता कोल्हापूर शहरात या. महाराज या धंद्याला उत्तेजन देतात, संस्थानात कातडी कमावण्याची केंद्रं निघतात. पण ज्यांच्या हातच्या चपला वाड्यावाड्यांत चालतात, त्यांच्या हातचं पाणी तिथे चालत नाही. हा विटाळ मोडायला महाराजांनी कंबर कसली आहे. 26 जुलै 1902 ला मागासलेल्या जातींसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. आणखी थोडं पुढे जा: अस्पृश्य समाजातल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात महाराज स्वतः चहा घेतात, सोबतच्या मंडळींनाही तोच चहा देववतात. मार्च 1920 मध्ये माणगावच्या परिषदेत ते तरुण डॉ. आंबेडकरांकडे बोट दाखवून लोकांना सांगतात, तुमचा पुढारी तुम्हाला मिळाला आहे.

एका उडीत 2019. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळतं: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांसाठी. जून 2025: मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या मॉडेल्सच्या पायांत तोच अंगठा, तीच ठेवण; कोल्हापूरचं नाव मात्र नाही. इकडे संताप उसळतो, मग कंपनी मूळ मान्य करते. त्याच डिसेंबरात महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार होतो. 2,000 जोड बनवायचे, विक्रीची किंमत प्रत्येकी सुमारे 800 युरो.

आणि आज. तुम्ही कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत उभे आहात, हातात कोरा जोड आहे. दुकानदार भाव सांगतो आणि तुमच्या तोंडून सवयीनं निघतं, "कमी करा की." थांबा. आठवडाभर नव्हे, आठवडेच्या आठवडे मुरलेलं कातडं असू शकतं ते. आपलं नाव घेतलं नाही म्हणून मिलानवर आपण रागावलो, ते रास्तच होतं. पण चप्पल लाईनीत तरी कारागिराचं नाव आपण कधी विचारतो? ते विचारा. कातडं झाडपाल्यावर कमावलंय का, हेही विचारा. आणि असेल, तर सांगितलेला भाव द्या. शाहू महाराजांनी हाताला मान दिला होता. त्या हाताचं मोल देणं आता आपल्याकडे आहे.