नोटपेट्या : न्हावा शेवा ठप्प होण्याआधीचे तास

चाकणच्या कारखान्यात सील झालेला निर्यातीचा कंटेनर तळेगावहून एक्सप्रेसवेला लागतो आणि घाट उतरून उरणजवळ न्हावा शेव्याला, म्हणजे जवाहरलाल नेहरू बंदराला पोचतो. बंदरातल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया, अर्थात 'जीटीआय'ची वार्षिक क्षमता 2017 मध्ये सुमारे 18 लाख कंटेनरची होती. हे टर्मिनल चालवते डेन्मार्कच्या मर्स्क समूहातली एपीएम टर्मिनल्स. 27 जून 2017 रोजी ते बंद पडले. बिघाड क्रेनमध्ये नव्हता. कोण कर्मचारी, कोणाला कुठे प्रवेश, हे ठरवणारी मर्स्कची यंत्रणाच पुसली गेली होती. खालील वेळा भारतीय आहेत.

14 मार्च 2017. विंडोजमधले एक भगदाड बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने दिला. महिन्याभरात त्याच भगदाडातून घुसणारे 'इटर्नलब्लू' हे हत्यार इंटरनेटवर उघडे पडले. मे महिन्यात 'वॉनाक्राय' या रॅन्समवेअरने त्याची चुणूक दाखवली. तरीही पॅच न लावलेली असंख्य यंत्रे तशीच चालू राहिली.

27 जून, दुपारी 2.41. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी सर्रास वापरले जाणारे सॉफ्टवेअर म्हणजे एम.ई.डॉक. त्याच्या अपडेट सर्व्हरची सेटिंग हल्लेखोरांनी बदलली. आता अपडेटची वाट त्यांच्या हातात होती. मर्स्कच्या ओडेसा कार्यालयातल्या एका संगणकावर हे सॉफ्टवेअर होते. जगभर पसरलेल्या कंपनीत शिरायला तेवढे एक यंत्र पुरले.

दुपारी 4 च्या सुमारास. युक्रेनमधले संगणक पडू लागले. पुढे 'नोटपेट्या' म्हणून ओळखल्या गेलेल्या या किड्याची खरी ताकद इटर्नलब्लूपेक्षा वेगळ्या जागी होती. पॅच लावलेल्या यंत्रांतही तो शिरत होता, तोही रीतसर पासवर्ड देऊन.

हे कसे, ते चाकण-भोसरीतल्या कोणत्याही आयटी विभागात बसून समजेल. कर्मचाऱ्यांची खाती सांभाळणारी 'ॲक्टिव्ह डिरेक्टरी युजर्स अँड कॉम्प्युटर्स' ही खिडकी उघडा. डावीकडे विभागांची उतरंड, उजवीकडे माणसांची नावे. राइट क्लिक केले की पासवर्ड बदलतो. खाते बंद केले की चिन्हावर छोटा खाली जाणारा बाण येतो. एखाद्याला 'डोमेन ॲडमिन्स' या सर्वाधिकारी गटात टाकायला मिनिटभरही लागत नाही. सगळे कसे डोळ्यासमोर. पण त्या ॲडमिनने प्रिंटर दुरुस्त करायला स्टोअरमधल्या संगणकावर लॉगिन केले, तर त्याची ओळख त्या संगणकाच्या मेमरीत रेंगाळते, हे ही खिडकी दाखवत नाही. सोसायटीतल्या सगळ्या फ्लॅटच्या किल्ल्या वॉचमनच्या खुंटीवर टांगलेल्या असाव्यात, तसा हा मामला. नोटपेट्या मेमरीतून अशा किल्ल्या उचलायचा आणि ॲडमिनच्याच नेहमीच्या साधनांनी, पीएसएक्झेक आणि डब्ल्यूएमआयने, पुढच्या यंत्रात जायचा.

पुढची 10 ते 60 मिनिटे. यंत्र पकडल्यावर किडा लगेच तोंड दाखवत नव्हता. आधी गुपचूप पसरायचे, मग यंत्र रीस्टार्ट करायचे. पडद्यावर डिस्क दुरुस्त होत असल्याचा खोटा संदेश यायचा. तेव्हा आत फाइलींची यादीच कुलूपबंद होत असे. शेवटी 300 डॉलरची मागणी. पैसे भरूनही काही परत मिळणार नव्हते, कारण खंडणी हा नुसता मुखवटा होता.

संध्याकाळ. कोपनहेगनच्या मुख्यालयात ओळीने पडदे काळे पडत गेले. लोक बैठकांमध्ये घुसून संगणकांच्या वायरी उपटू लागले, बंद पडलेली प्रवेशद्वारे ओलांडून इतरांना सावध करायला धावले. संपूर्ण नेटवर्क तोडायला दोन तासांहून अधिक वेळ गेला. तोवर जे जायचे ते गेले होते.

रात्र, न्हावा शेवा. जीटीआयचे कामकाज कोलमडले. कोणता कंटेनर कोणाचा, कोणत्या जहाजावर चढायचा, हे सांगणारी प्रणालीच नाही. काम हाताने करण्याची धडपड सुरू झाली आणि ट्रेलर खोळंबले. समूहाच्या 76 पैकी 17 टर्मिनलची हीच गत होती.

28 जूनपासून. मर्स्कच्या तंत्रज्ञांना खरा हादरा आता बसला. कंपनीकडे सुमारे 150 डोमेन कंट्रोलर, म्हणजे त्या खिडकीतली खाती आणि अधिकार साठवणारे सर्व्हर होते, सगळे एकमेकांची नक्कल ठेवणारे. एक गेला तर दुसरा आहेच, हा हिशेब. सगळे एकाच वेळी जातील हे कोणी धरलेच नव्हते. अखेर घानामध्ये एक शाबूत सापडला. हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेल्यामुळे तो नेटवर्कबाहेर होता! तिथली लाइन एवढी संथ की डेटा पाठवायला दिवस लागले असते. कर्मचाऱ्याकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. म्हणून हार्ड डिस्क आधी नायजेरियाच्या विमानतळावर दुसऱ्याच्या हाती दिली गेली आणि मग लंडनला पोचली.

पुढचे दहा दिवस. 4,000 सर्व्हर, 45,000 संगणक आणि 2,500 ॲप्लिकेशन नव्याने उभी केली गेली. मर्स्कने नुकसानीचा अंदाज 25 ते 30 कोटी डॉलर सांगितला.

मर्स्कला वाचवले ते घानात गेलेल्या विजेने, नियोजनाने नव्हे. 2021 मध्ये खुद्द पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, तेव्हा हे संकट दूरदेशीचे नाही हेही दिसले. म्हणून चाकण-भोसरी पट्ट्यातल्या प्रत्येक आयटी प्रमुखाने आजच ती खिडकी उघडून 'डोमेन ॲडमिन्स'मधली नावे मोजावीत आणि अनावश्यक ती काढावीत. उरलेल्यांना साध्या यंत्रांवर त्या खात्याने लॉगिन करायला मनाई करावी. डोमेन कंट्रोलरचा एक बॅकअप नेटवर्कपासून तोडून कपाटात ठेवावा, आणि तो खरोखर परत चढतो का, हे वर्षातून एकदा तरी चढवून पाहावे.