जोवर आणि तोवर

मराठीत ‘तोवर’ हा शब्द सहसा एकटा येत नाही. त्याच्या आधी, उच्चारलेला किंवा अध्याहृत, एक ‘जोवर’ असतो. ‘जोवर इमारत उभी राहत नाही, तोवर ही जागा तुम्ही वापरा’ या वाक्यात परवानगी ‘तोवर’मध्ये आहे, सत्ता मात्र ‘जोवर’मध्ये. पुनर्विकासाची वाट पाहत पडून राहिलेल्या सार्वजनिक जागा आणि त्या काही काळ वापरणारी माणसे यांच्या नात्याचे सारे मर्म या वाक्यरचनेत आहे असे मला वाटते. लंडनच्या इतिहासातील तीन टप्पे घेऊन हे पडताळून पाहता येईल.

पहिला टप्पा महायुद्धानंतरचा. सप्टेंबर १९४० ते मे १९४१ या काळातील जर्मन बॉम्बवर्षावाने लंडनमध्ये जागोजागी मोकळ्या जमिनीचे तुकडे निर्माण केले. फोरशॉ आणि ॲबरक्रॉम्बी यांचा पुनर्रचनेचा आराखडा १९४३ मध्येच तयार झाला होता. पण आराखडा आणि वीट यांच्यामध्ये पैसा, साहित्य आणि मजूर यांच्या टंचाईची कित्येक वर्षे उभी होती. त्या वर्षांत ढिगाऱ्यांवर जांभळट गुलाबी फुलांचे रान माजले आणि त्या रानात मुले शिरली. रोझ मॅकॉले यांच्या ‘द वर्ल्ड माय विल्डरनेस’ (१९५०) या कादंबरीची किशोरवयीन नायिका सेंट पॉल कॅथीड्रलच्या आसपासच्या अशाच भग्नावशेषांत आपले घर शोधते. मॅकॉले यांचे स्वतःचे राहते घर, ग्रंथसंग्रहासह, १९४१ मध्ये जळाले होते. त्यामुळे या कादंबरीतले अवशेष निव्वळ नेपथ्य राहत नाहीत. मोडलेल्या मनाला मोडलेले शहरच आपले वाटते, हे त्यांतून उमगते.

मुलांच्या या शिरकावाला अतिक्रमण न म्हणता त्याला रूप देण्याचा विचार डेन्मार्कमधून आला. कोपनहेगनजवळच्या एमड्रुप येथे, जर्मन व्याप्तीच्या काळात, १९४३ मध्ये सी. टी. सोरेन्सन या उद्यानरचनाकाराच्या कल्पनेतून ‘भंगाराचे मैदान’ सुरू झाले होते. झोके आणि घसरगुंड्यांऐवजी तेथे फळ्या, विटा, हत्यारे आणि एक समजूतदार प्रौढ माणूस होता. लेडी ॲलन ऑफ हर्टवुड यांनी ते १९४६ मध्ये पाहिले आणि त्याच वर्षी ‘पिक्चर पोस्ट’ या साप्ताहिकातून प्रश्न केला, की आपल्या बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या जागा आपणही अशा का वापरू नयेत? १९४८ मध्ये कॅम्बरवेल येथे पहिला प्रयोग झाला. १९५५ मध्ये लॅम्बेथमधील लोलार्ड स्ट्रीटवर, बॉम्बने पडलेल्या शाळेच्या जागी, या चळवळीतील सर्वांत गाजलेले मैदान उभे राहिले.

लोलार्ड स्ट्रीटचा ‘जोवर’ पहिल्यापासून ठाऊक होता. ती जागा नव्या शाळेसाठी हवी होती आणि १९६० मध्ये मैदान बंद झाले. येथे कोणाला खलनायक ठरवता येत नाही, कारण शाळाही मुलांचीच. तरीही एक प्रश्न उरतो. पुढच्याच वर्षी कॉलिन वॉर्ड यांनी ‘अनार्की’ मासिकात या मैदानांविषयी एक निबंध लिहिला. वरून आलेल्या आज्ञेवाचून माणसे सहकार्य करू शकतात याचे लहान प्रमाणावरील प्रात्यक्षिक त्यांना तेथे दिसले. नागरी स्वातंत्र्याचे असे प्रात्यक्षिक शहराने केवळ उरलेल्या जमिनीवर आणि उरलेल्या वेळात होऊ द्यावे, यात त्या शहराची स्वतःविषयीची काय कल्पना दिसते?

दुसरा टप्पा त्याच शहराच्या पश्चिमेला, कालव्याकाठी घडला. रॉजर मेन या छायाचित्रकाराने १९५६ ते १९६१ या काळात ज्या साउथॅम स्ट्रीटवरील मुलांची चित्रे टिपली, तिचा बराचसा भाग पुढे पाडला गेला आणि तेथे १९७२ मध्ये अर्नो गोल्डफिंगर यांचा ट्रेलिक टॉवर पुरा झाला. या वेळी जमीन मोकळी केली ती बॉम्बने नव्हे, नगररचनेने. टॉवरशेजारी घरे पाडून पडीक ठेवलेल्या पट्ट्यावर जेमी मॅक्युलो या कलावंताने १९७६ मध्ये परिसरातील लोकांना हाताशी धरून बाग करायला घेतली. परवानगी तात्पुरती होती. मॅक्युलो यांनी ती अट लपवली नाही, उलट तिचेच नाव बागेला दिले: ‘मीनव्हाइल गार्डन्स’. आपल्या भाषेत म्हणायचे तर, ‘तोवरची बाग’.

ती बाग आजही आहे. इतकी माणसे तिच्याशी इतकी वर्षे जोडली गेली, की तिचा ‘जोवर’ मागे पडला आणि ‘तोवर’ तेवढा राहिला. पण या एका उदाहरणावरून दिलासा घेणे घाईचे ठरेल. लोलार्ड स्ट्रीटवरही माणसांचे प्रेम कमी नव्हते. तेथे जमिनीला दुसरा, तितकाच न्याय्य वाटेकरी होता, एवढेच.

तिसरा टप्पा या शब्दाचाच आहे. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर ब्रिटनच्या बाजारपेठांत दुकाने ओस पडली, तेव्हा शासनाने २००९ मध्ये तात्पुरत्या वापरासाठी भाडेपट्ट्याचा एक नमुना प्रसिद्ध केला. त्याला ‘मीनव्हाइल’ हेच विशेषण लावले गेले. व्यावसायिक भाडेकरूंना १९५४ च्या कायद्याने मुदतीनंतरही जे संरक्षण मिळते, ते या पट्ट्यात वगळलेले असते. २०२१ च्या लंडन आराखड्यात तर तात्पुरत्या निवासासाठीही याच नावाचे धोरण आले. यात सोय निश्चित आहे. कुलूप लावलेल्या दारापेक्षा उघडे दार केव्हाही बरे, आणि अशी हमी नसती तर कित्येक मालकांनी कुलूप काढलेच नसते. तरीही अर्थाची दिशा उलटली हे नाकारता येत नाही. १९७६ मध्ये हा शब्द वापरणाऱ्यांचा होता. त्यात थोडी थट्टा होती, थोडे आव्हान होते. २००९ नंतर तो मालकाच्या बाजूचे कलम झाला.

शेतकरी जमीन पड ठेवतो तेव्हा तिला निकामी मानत नाही; ती विसावते आहे हे तो जाणतो. शहराला मात्र पडीक जमीन म्हणजे थांबलेला व्यवहार वाटतो, आणि त्या थांबण्यात जे उगवते ते त्याच्या हिशेबात धरले जात नाही. इमारतींच्या इतिहासात पाडल्याची आणि बांधल्याची अशा दोनच तारखा नोंदल्या जातात. लोलार्ड स्ट्रीटवरच्या मुलांचे बालपण या दोन तारखांच्या मध्ये पार पडले. त्यांच्या दृष्टीने ते तात्पुरते नव्हते, कारण बालपण दुसऱ्यांदा मिळत नाही.