बिशपाच्या आधीची ऐरण

मेक्सिकोत पात्स्कुआरोच्या तळ्याकाठी कुठल्याही गावात उतरा, गोष्ट एकच ऐकायला मिळते. पाचशे वर्षांपूर्वी वास्को दे किरोगा नावाचा बिशप आला. त्यानं एका गावाला तांबं दिलं, एकाला मडकी, एकाला लाकूडकाम, एकाला चटया. कुणी कुणाच्या धंद्यात हात घालायचा नाही आणि सगळ्यांनी एकमेकांचा माल घ्यायचा, असा नेम घालून दिला. लोक त्याला अजून 'ताता वास्को' म्हणतात. ताता म्हणजे बाबा. पात्स्कुआरो गावच्या मोठ्या चौकात त्याचा पुतळा आहे.

मुलगी मोरेलियाला नोकरी करते, तिनं दुभाषीपण करून ही गोष्ट मला सांगितली, तेव्हाच ती मला पटली नाही. आमचं घर पुण्याच्या तांबट आळीतलं. मी पुढे मास्तरकी केली, पण शाळेच्या सुट्ट्यांत बंब आणि घंगाळांवर मठार काढून झालेलं आहे. कुणी परगावचा माणूस येऊन हातोडा हातात देतो आणि दोन-चार वर्षांत गाव तांबट होतं, हे मला तरी कुणी सांगू नये.

सांता क्लारा देल कोब्रेला गेलो तो हीच शंका मनात धरून. तळ्यापासून थोडं दक्षिणेला, पाइनच्या डोंगरात हे गाव आहे. तिथलं काम आमच्यापेक्षा वेगळं. आम्ही पत्रा घेतो, कापतो, जोडतो. ते मोडीतली तार आणि भंगार वितळवून तांब्याची जाड चकती ओततात. ती लाल होईपर्यंत तापवायची आणि चार-पाच जणांनी भोवती उभं राहून घण मारायचे. एकाचा उचलतो तोवर दुसऱ्याचा पडलेला असतो. थंड झाली की पुन्हा भट्टीत. पसरत पसरत तिचं ताट होतं, मग वाकवत, आवळत नेऊन सुरई. जोड कुठेच नाही. काठ मुद्दाम जाड ठेवतात, म्हणजे पाहणाऱ्याला कळावं की हे सगळं एकाच गोळ्यातून आलं आहे. मी काठावर अंगठा फिरवला तसा म्हातारा कारागीर हसला. त्यानंतर आम्हा दोघांना मुलीची फारशी गरज पडली नाही.

आता जुन्या कागदांकडे वळतो. या प्रदेशाचे मूळ धनी पुरेपेचा. अझ्टेकांना त्यांना जिंकता आलं नाही. त्यांची राजधानी तळ्याच्याच काठी, त्सिन्त्सुन्त्सान इथं. पाच मोठे दगडी चौथरे अजून उभे आहेत. पश्चिम मेक्सिकोत तांबं स्पॅनिश येण्याच्या कितीतरी शतकं आधीपासून वितळत होतं. मेणाचा साचा करून घुंगरं ओतत, सुया आणि कुऱ्हाडी ठोकत. कथील किंवा आर्सेनिक मिसळून काशाला सोन्याचा नाही तर चांदीचा रंग आणण्याची कला त्यांना साधली होती. त्यांचे पुजारी गळ्यात धातूचा मोठा चिमटा घालत, मानाचं चिन्ह म्हणून. हे ज्यांना येत होतं त्यांना तांबं शिकवायला स्पेनमधून वकील कशाला यायला हवा? (किरोगा मूळचा वकीलच.)

१५४०च्या सुमाराला एका फ्रान्सिस्कन साधूनं पुरेपेचा वडीलधाऱ्यांकडून ऐकून 'रेलासिओन दे मिचोआकान' हे हस्तलिखित तयार केलं. आज ते स्पेनमध्ये एस्कोरियालला आहे. त्यात जुन्या राजाच्या कारभाराची यादी येते. पिसांचं काम करणाऱ्यांवर एक मुकादम, भोपळे रंगवणाऱ्यांवर एक, कुंभारांवर एक. मासेमारीचेसुद्धा दोन मुकादम, जाळंवाल्यांचा वेगळा आणि गळवाल्यांचा वेगळा! धंद्यांची इतकी बारीक वाटणी जिथं आधीच होती, तिथं बिशपानं नवं काय वाटलं?

त्याचं श्रेय मी काढून घेत नाही, फक्त ते दुसरीकडे आहे असं म्हणतो. १५३० मध्ये नुन्यो दे गुस्मान या स्पॅनिश अधिकाऱ्यानं इथला शेवटचा राजा तांगाशुआन याला हालहाल करून मारलं. लोक रानात पळाले. १५३१ मध्ये किरोगा न्यायाधीश म्हणून मेक्सिकोला आला. १५३३ मध्ये त्यानं तळ्याकाठी सांता फे वसवलं. जमीन सामाईक, दिवसाचं काम सहा तास, आजाऱ्यांसाठी इस्पितळ. हा नकाशा त्यानं थॉमस मोरच्या 'युटोपिया'तून घेतला होता. पुस्तक १५१६चं, म्हणजे तेव्हा ताजंच. मोरनं कल्पनेतलं बेट रंगवलं आणि यानं ते खऱ्या माणसांच्या गळी उतरवलं. भारतीयांना गुलाम करण्याविरुद्ध त्यानं १५३५ मध्ये लांबलचक निवेदनही लिहिलं. इथं भारतीय म्हणजे अर्थात तिथले मूळ रहिवासी. १५३८ मध्ये तो बिशप झाला. उधळलेली माणसं परत काठावर आणणं आणि त्यांच्या मालाला बाजार मिळवून देणं, हे त्याचं काम. लोखंडी घण आणि चामड्याचे मोठे भाते स्पॅनिशांबरोबर आले, ते मान्य. कुंभारांना चकाकी देणारा शिशाचा लेपही तेव्हाचाच, आणि त्या शिशाचं दुखणं आजवर पुरलं आहे.

उलट बिशपच इथल्यांकडून शिकला. पात्स्कुआरोच्या बॅसिलिकात जी मरियम आहे ती त्यानंच करून घेतली, पण ती लाकडाची नाही. मक्याच्या ताटातला गर आणि ऑर्किडच्या कंदाचा डिंक कालवून केलेली, अगदी हलकी. पुरेपेचा आपले देव असेच घडवत. वेदीवरची ती मूर्ती मला चौकातल्या पुतळ्यापेक्षा जास्त सांगून गेली.

बिशपाचंच नाव असलेल्या किरोगा गावाबद्दल इतकंच सांगतो, की तिथं रस्त्याच्या कडेला तांब्याच्या प्रचंड कढयांत डुकराचं मांस शिजतं. डुक्कर स्पेनचं, कढई सांता क्लाराची. मी शाकाहारी, त्यामुळे सगळा वेळ कढईच बघत बसलो.

तळ्यातल्या बेटांचं सांगायचं तर हानित्सिओवर मोरेलोस या स्वातंत्र्यवीराचा चाळीस मीटर उंच दगडी पुतळा आहे. १९३०च्या दशकात लासारो कार्देनासच्या पुढाकारानं तो उभा राहिला. कार्देनास याच मिचोआकान राज्याचा, आधी इथला गव्हर्नर, मग राष्ट्राध्यक्ष. पर्यटक इकडे वळले ते त्याच काळात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पितरांच्या रात्री इथं पाय ठेवायला जागा नसते आणि सगळीकडे झेंडू. आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मूळचा मेक्सिकोचाच, त्यामुळे तो वास तरी मला परका नव्हता. फुलपाखराच्या पंखांसारखी जाळी उचलणारे कोळी जुन्या पन्नास पेसोच्या नोटेवर छापलेले होते. आता ते पर्यटकांची होडी आली की जाळी उचलून दाखवतात आणि टोपी पुढे करतात. ज्या पांढऱ्या माशासाठी ती होती तो जवळजवळ संपला. बाहेरून आणून सोडलेले मासे, डोंगर उघडे पडल्यावर वाहून आलेला गाळ आणि आटतं पाणी, तिन्ही त्याला भोवली.

आणि इथंच धंद्यांची ती वाटणी नव्यानं वाचावीशी वाटते. सांता क्लाराचं तांबं आज भंगारातून येतं, तळ्याशी त्याचा संबंध नाही. हाराकुआरो एकेकाळी बेट होतं, आता पाणी हटून जमिनीला जोडलं गेलं आहे. तिथल्या टोप्यांना लागणारी ताडाची पाती खालच्या उष्ण मुलखातून येतात, म्हणून टोप्या चालू आहेत. पण इवात्सिओ गावच्या चटया आणि टोपल्या काठावरच्या लव्हाळ्यापाणकणसाच्या. पाणी मागं गेलं की त्यांचा कच्चा मालच जातो. २०२४च्या दुष्काळात काठावरच्या लोकांनी तळ्यातून चोरून पाणी उपसणारे पंप आणि टँकर स्वतः अडवले. ते पाणी चाललं होतं एवोकॅडोच्या बागांना.