कपबश्या आणि विश्वचषक

जर्मन फुटबॉलचा विषय निघाला, की आपल्याकडे बेकेनबाउर, म्युलर, क्लोजे ही नावं सहज ओठांवर येतात. मला मात्र आज बोलायचं आहे ते बिर्गिट प्रिन्झविषयी. देशासाठी २१४ सामने आणि १२८ गोल, अशी या फ्रँकफर्टच्या मुलीची कमाई. एवढे सामने आणि एवढे गोल जर्मनीच्या एकाही पुरुष खेळाडूच्या नावावर नाहीत.

पण ही कहाणी तिच्या जन्माआधी बावीस वर्षं सुरू होते. ३० जुलै १९५५ रोजी पश्चिम जर्मनीच्या फुटबॉल महासंघानं फर्मान काढलं : क्लबांनी बायकांचे संघ काढू नयेत, त्यांना मैदानही देऊ नये. कारण काय, तर या झुंजीत स्त्रीची नजाकत हरवते, तिच्या शरीराला आणि मनाला इजा होते, शालीनतेलाही बाध येतो. आदल्याच वर्षी देशानं विश्वचषक जिंकला होता, गल्लोगल्ली फुटबॉलचं वारं होतं. ते वारं मुलींना मात्र लागू नये, अशी ही अपेक्षा! मी शब्दांत रमणारा माणूस. ‘नजाकत’सारख्या देखण्या शब्दाचं कुंपण कसं होतं, हे इथं दिसतं.

बायका थांबल्या नाहीत. १९५६ साली एसेनमध्ये त्या हॉलंडविरुद्ध खेळल्या आणि हजारो लोकांनी तो सामना पाहिला. बंदी उठायला १९७० उजाडलं. तेव्हाही अटी होत्याच : खिळ्यांचे बूट नकोत, डाव तीस-तीस मिनिटांचा. पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना १९८२मध्ये झाला. १९८९ साली पश्चिम जर्मनीच्या मुलींनी युरोपचं अजिंक्यपद मिळवलं, तेव्हा महासंघानं प्रत्येकीला बक्षीस दिलं ते कॉफीच्या कपबश्यांचं. मैदान जिंकलं तरी स्वयंपाकघराची आठवण राहावी, म्हणून की काय!

बिर्गिट या वाटेवर आली ती १९९४मध्ये, अवघ्या सोळाव्या वर्षी. कॅनडाविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरली आणि अखेरच्या मिनिटांत विजयी गोल करून गेली. मग २००३ आणि २००७ असे सलग दोन विश्वचषक, पाच युरोपीय अजिंक्यपदं, ऑलिम्पिकची तीन कांस्यपदकं. २००३, २००४ आणि २००५ अशी तीन वर्षं ती जगातली सर्वोत्तम खेळाडू ठरली. शांघायच्या २००७च्या अंतिम सामन्यात ब्राझीलविरुद्धचा पहिला गोल तिचाच. त्या संपूर्ण स्पर्धेत जर्मनीवर एकही गोल झाला नाही.

तरी मला तिचा सर्वांत मोठा क्षण वाटतो तो तिच्या नकाराचा. २००३च्या अखेरीस इटलीच्या पेरूजा क्लबच्या अध्यक्षांनी तिला पुरुषांच्या संघात खेळायला बोलावलं. जगभर बातमी झाली. बिर्गिटनं विचार केला आणि ‘नाही’ म्हणून कळवलं. पुरुषांच्या बाकावर बसायला मिळणं हा सन्मान, असं मानायला ती तयार नव्हती. स्त्रियांचा खेळ हा तिच्या लेखी पुरताच खेळ होता. त्याला कुणाच्या शिक्क्याची गरज नव्हती.

शेवट मात्र गोड झाला नाही. २०११चा विश्वचषक तिच्या घरच्या मैदानांवर होता. पहिल्या दोन्ही लढतींत तिला मध्येच बाहेर बोलावलं गेलं, पुढच्या दोन्हींत ती उतरलीच नाही. प्रशिक्षक होत्या सिल्व्हिया नाइड. कपबश्या मिळालेल्या १९८९च्या संघातल्याच त्या एक. उपान्त्यपूर्व फेरीत जपाननं जर्मनीला हरवलं आणि प्रिन्झ निवृत्त झाली.

ती मानसशास्त्र शिकली होती. पुढं खेळाडूंचं मन सांभाळणं हेच तिनं आपलं काम केलं. २०१९च्या विश्वचषकात ती जर्मनीच्या मुलींसोबत मानसशास्त्रज्ञ म्हणून होती. फुटबॉलनं बाईच्या मनाला इजा होते, असं १९५५ साली सांगणाऱ्यांना याहून चोख उत्तर कोणतं असेल?